दोन घमेली राख

दादा पाटणकर हा माणूस कधी जन्मालाच आला नाही, तरी स्वयंभू वसाहतीत दर वर्षी त्यांची पुण्यतिथी साजरी होते. भोरच्या पुढे डोंगराच्या कुशीत बेचाळीस घरं, घरटी तीन गुंठे जमीन आणि मधोमध ग्रंथालय. ग्रंथालयात शिरताच समोर दादांचा फोटो दिसतो. पांढऱ्या मिशा, डोक्यावर टोपी, आणि वसाहतीतले लोक म्हणतात त्याप्रमाणे डोळ्यांत मातीविषयी अपार माया. फोटो आमच्या प्रकाशकांच्या सासऱ्यांचा आहे. त्यांनी हयातभर टायपिंगचे क्लास चालवले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता.

हे मला ठाऊक आहे, कारण दादा पाटणकर म्हणजे मी.

माझं नाव उर्मिला कारखानीस. २००६ साली मी ठाण्याच्या एका प्रकाशनात संपादक होते. वय एकोणतीस, राहायला तिसऱ्या मजल्यावर, आणि खिडकीतली तुळससुद्धा माझ्या हाती दोन महिन्यांवर जगत नसे. एके दिवशी मालक म्हणाले, "उर्मिला, हल्ली लोकांना सेंद्रिय बागेचं फार वेड लागलंय. एक पुस्तक महिनाभरात काढू." मी चार जुनी पुस्तकं समोर ठेवली आणि पाचवं लिहिलं. ती चारही तशीच लिहिलेली होती, हे वाचतानाच कळत होतं. एका बाईचं नाव घातलं तर कोण विकत घेणार, म्हणून मालकांनी कृषी खात्यातला एक निवृत्त अधिकारी काढला आणि त्यांचं नाव दादा पाटणकर ठेवलं. पुस्तकाचं नाव मी ठेवलं: 'तीन गुंठ्यांतलं स्वराज्य'.

पुस्तकाच्या सव्वीस आवृत्त्या निघाल्या. दादांना पत्रं येत, मी उत्तरं लिही. पुढे एका संस्थेने त्यांचा जाहीर सत्कार ठरवला, तेव्हा त्यांना मारण्यावाचून माझ्यापुढे दुसरा मार्ग उरला नाही. वयही झालं होतं, चौऱ्याण्णव. मी चार ओळींचं निवेदन दिलं आणि महाराष्ट्र हळहळला.

निवृत्तीनंतर मी या वसाहतीत आले ती शर्वरीमुळे. शर्वरी माझी पुतणी, भावाची एकुलती एक. भाऊ-वहिनी गेल्यावर तिला मी आणि मला ती, बाकी कुणी नाही. तिच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला मी तिला 'स्वराज्य' भेट दिलं होतं, आत दादांची सही करून. मला वाटलं होतं, गंमत आहे, कधीतरी सांगू आणि हसू. तिने ते पुस्तक पाठ केलं. एकतिसाव्या वर्षी बँकेतली नोकरी सोडली, निनाद नावाच्या तसल्याच एका भाविकाशी लग्न केलं आणि इथे येऊन तीन गुंठे खणायला घेतले. मग सांगायचं राहूनच गेलं.

वसाहतीला ग्रंथपाल हवा होता. पुस्तकं अकराशे. सेंद्रिय बाग, स्वावलंबी घर, कंपोस्टचे चाळीस प्रकार, घरच्या घरी साबण, घरच्या घरी मीठ, आणि समुद्र इथून शंभर किलोमीटर. इतकी पुस्तकं असलेल्या लोकांच्या हातात खुरपी मात्र मोजकीच. आमच्याकडचे एक गृहस्थ, पूर्वी विमा कंपनीत जनरल मॅनेजर होते, भुईमुगाला शेंगा कधी धरणार म्हणून दोन महिने झाडाच्या शेंड्याकडे बघत बसले. गणपतीच्या पूजेला यांना दूर्वा कुठल्या ते पुस्तकात बघावं लागतं. सगळे स्वावलंबी. आठवड्यातून दोनदा भोरहून गाडी येते आणि तेल, साखर, पनीर, बिस्किटं टाकून जाते. त्याला 'पूरक पुरवठा' म्हणायची पद्धत आहे.

मी या लोकांवर मनसोक्त हसत होते, हे लपवत नाही. ग्रंथालयाची खिडकी सगळ्या वाफ्यांकडे उघडते. सकाळचा चहा घेऊन मी तिथे बसायची आणि माझी वाक्यं माणसं होऊन चिखलात लोळताना बघायची. लेखकाला यापेक्षा मोठी करमणूक मिळत नसेल.

मग 'पारखी' आली.

२०४३ च्या जानेवारीत डॉक्टर इक्बाल मुजावर तिला गाडीतून घेऊन आले. मुजावर इचलकरंजीचे, मृदाशास्त्रज्ञ, पन्नाशीचे, आणि अतिशय सभ्य. यंत्र पोळ्यांच्या डब्याएवढं होतं, त्याला आठ लांब सुया, आणि पुस्तकं वाचायला एक कॅमेरा. प्रयोगासाठी त्यांना असं एक ठिकाण हवं होतं जिथे शेतीची खूप पुस्तकं आहेत आणि लोक ती खरोखर पाळतात. असं ठिकाण महाराष्ट्रात एकच.

"बघा की मॅडम, सोपं आहे," त्यांनी मला सुया दाखवत सांगितलं. "ही सुई मातीत गेली की आत लेझरची बारीक ठिणगी पडते. ठिणगीत माती जळते आणि उजेड निघतो. त्या उजेडात प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाची सही करतं. लोह किती, पोटॅश किती, सगळं कळतं. दुसरी सुई मातीतल्या जिवाणूंचा डीएनए वाचते. कोण कोण राहतं, किती आहेत, काय खातात. बाकीच्या सुया मुळांमधल्या विजेच्या हालचाली टिपतात."

"आणि मग?"

"मग आत त्या वाफ्याची नक्कल तयार होते. आम्ही तिला प्रतिमाती म्हणतो. तुम्ही पुस्तकाचं पान कॅमेऱ्यासमोर धरायचं. त्यातला सल्ला पारखी प्रतिमातीवर अमलात आणते, एकदा नाही, हजार हंगाम. खऱ्या जगात हजार वर्षं लागतील, हिला पानामागे दोन सेकंद पुरतात. सल्ल्याचा फायदा झाला तर वाक्याखाली हिरवी रेघ. काहीच फरक पडला नाही तर पिवळी. नुकसान झालं तर लाल."

मी आयुष्यभर ज्या धंद्यात होते त्याचा निकाल आता एक पोळ्यांचा डबा लावणार होता. मला भीती वाटायला हवी होती. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पुढचे तीन आठवडे मी इतकी सुखात कधीच नव्हते. एकेक भाविक आपलं लाडकं पुस्तक उराशी धरून येई, पान उघडी आणि क्षणात तोंड पाडून बसे. पिवळं, पिवळं, पिवळं. चंद्र बघून कोथिंबीर पेरणं पिवळं. वाफ्याला सकाळी गाणं ऐकवणं पिवळं. ताकात हिंग कालवून फवारणं पिवळं. एका बाईंनी तीन वर्षं न चुकता नारळाच्या पाण्याने मिरच्यांना अंघोळ घातली होती, त्यांना पिवळी रेघ दिसली तेव्हा त्या म्हणाल्या, "पण मला किती शांत वाटायचं!" अकराशे पुस्तकांतून हिरवी वाक्यं गोळा केली तेव्हा ती सारी मिळून नऊ पानं भरली. वेळेवर पाणी द्या. पालापाचोळा जाळू नका, झाकून ठेवा. एकच पीक परत परत घेऊ नका. उन्हात लावा. बहुतेक हेच.

वसाहतीने काय केलं असेल? नऊ पानं वाचून कामाला लागले असतील? छे. समिती नेमली. निनाद तिचा सचिव. समितीने ठराव केला की पारखी ही पाश्चात्त्य दृष्टीने माती बघते. यंत्र इचलकरंजीत बनलं आहे, हे मुजावरांनी नम्रपणे सांगितलं. त्यावर दृष्टी पाश्चात्त्य असू शकते, असं माजी जनरल मॅनेजर म्हणाले.

"आत्या, तू का हसतेस गं सारखी?" शर्वरीने मला विचारलं. ती पाचव्या महिन्यात होती आणि पाठीला उशी लावून माझ्या खोलीत बसली होती. "लोकांची श्रद्धा असते. मीसुद्धा कोथिंबीर चंद्र बघूनच पेरते."

"कोथिंबीर येते ना? मग झालं."

"येते. आणि दादांचं पुस्तक अजून तपासलंच नाहीये कुणी. बघशील, ते सगळं हिरवं निघेल."

'स्वराज्य' तपासायचं सगळे टाळत होते, कारण देवाची परीक्षा घ्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी शर्वरीच म्हणाली, घ्या, आमच्या वाफ्यावर घ्या. सुया तिच्या पालकाच्या वाफ्यात रोवल्या. बेचाळीस घरांतली माणसं भोवती जमली. मुजावर एकेक पान धरत गेले. साठ पानांपर्यंत सगळं पिवळं, मध्ये दोन-तीन हिरवी, आणि लोक सुस्कारे टाकत होते की चला, दादांनी निदान कुणाचं वाईट तरी केलं नाही.

एकसष्टाव्या पानावर लाल रेघ आली.

वाक्य असं होतं: 'पालेभाजीच्या वाफ्यात दर पंधरवड्याला गुंठ्यामागे दोन घमेली राख हाताने पसरावी, पाने टवटवीत राहतात.'

"राखेने नुकसान?" निनाद म्हणाला. "राख तर आपली पूर्वापार आहे."

मुजावर पडद्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा बदलला होता. "लाकडाची राख मूठभर घातली तर चांगलीच. दोन घमेली फार झाली, माती खारवेल, पण तेवढ्याने लाल येत नाही. इथे शिसं दिसतंय. खूप शिसं. मुळांतून ते फारसं वर चढत नाही, पण राखेची धूळ पानांवर बसते. हाताला लागते, नाकात जाते. ही राख तुम्ही आणता कुठून?"

निनाद अभिमानाने म्हणाला, "धुमाळांकडून. शुद्ध."

आता हे नीट समजून घ्या. स्वयंभू वसाहतीत चूल नाही. लाकूड जाळणं इथे पाप आहे. घरटी एक सौर चूल, आणि ढग आले की इंडक्शन. मग राख निघणार कुठून? पण पुस्तकात तर राख लिहिली आहे! तेव्हा या हुशार लोकांनी खालच्या गावातल्या धुमाळांना सांगितलं, आम्हाला राख लागेल, दर पंधरवड्याला, पोत्याने. धुमाळांची वीटभट्टी आहे. मुजावर आणि मी त्याच दुपारी तिथे गेलो. भट्टीच्या तोंडाशी जुनी टायरं, रंगाच्या डब्यांची रास, फुटक्या बॅटऱ्यांची खोकी, असं सगळं सरपण पडलं होतं.

"तुमच्या लोकांनी राख मागितली, म्या राख दिली," धुमाळ म्हणाले. "चुलीची पायजे असं कोन बोललं का कधी? आन बोललं असतं तरी म्या कुटून देणार? माज्या घरात पन गॅस हाय."

त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता आलं नाही.

परत येताना मुजावर म्हणाले, "मॅडम, त्या पाच महिन्यांच्या आहेत ना? शिसं आईच्या रक्तातून सरळ बाळाकडे जातं. मेंदू घडत असतो त्या वेळी. त्यांनी ते हाताळणं, ती भाजी खाणं, आजपासून बंद करायला पाहिजे. आणि रक्त तपासायला पाहिजे."

त्या संध्याकाळी पारखीने आणखी एक काम केलं, जे मुजावर सगळ्याच लाल वाक्यांसाठी करत. पुस्तकं एकमेकांवरून उतरवलेली असतात, आणि उतरवणारा चुकाही तशाच उतरवतो. कुणाची चूक कुणाकडे गेली ते बघत मागे गेलं की वाक्याचा वंशवृक्ष तयार होतो. राखेचं वाक्य तीनशे बारा पुस्तकांत होतं. आधी ती पुस्तकं ग्रंथालयापुढच्या मोकळ्या जमिनीवर तपासली होती, तिथे राख कधी पडलीच नव्हती, म्हणून तेव्हा रेघ पिवळी आली होती. कुठे दोनाची तीन घमेली झाली होती, कुठे पंधरवड्याचा आठवडा. सगळ्यांचं मूळ एक: 'तीन गुंठ्यांतलं स्वराज्य', पान एकसष्ट. त्याच्या आधी हा सल्ला मराठीत कुणीही, कधीही, लिहिलेला नव्हता.

ते मला चांगलं आठवतं. एकसष्टाव्या पानावर चित्राखाली दोन ओळींची जागा रिकामी राहत होती. कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा आतून ओरडला, "मॅडम, दोन ओळी द्या, पान भरत नाहीये." मला घरी जायचं होतं. लहानपणी आई राखेने भांडी घासायची, ते डोळ्यांपुढे आलं, म्हणून राख लिहिली. मूठभर म्हटलं तर बायकी वाटलं असतं, घमेलं म्हटलं की शेतीचा वास येतो, म्हणून घमेली. लाकडाची राख असं लिहिलं असतं तर तिसरी ओळ झाली असती. तेव्हा लाकूड गाळलं. एवढंच. सदतीस वर्षांनी त्या दोन ओळी माझ्या पुतणीच्या रक्तात होत्या.

मी शर्वरीकडे गेले. मुजावर काय म्हणाले ते सांगितलं. ती शांतपणे ऐकत राहिली आणि म्हणाली, "आत्या, यंत्र नवीन आहे, चुकू शकतं. दादांनी चाळीस वर्षं हे सगळं स्वतःच्या हातांनी केलंय. त्यांना काही झालं? चौऱ्याण्णव वर्षं जगले."

"शरू, ऐक माझं. रक्त तर तपास."

"निनाद म्हणतो, उद्या आपणच घाबरून रक्त तपासायला गेलो तर बाकीच्यांनी काय करायचं? उद्या सभा आहे. सभेत ठरेल."

बेचाळीस घरांच्या सभेत हात वर करून ठरणार होतं की एका बाळाच्या मेंदूत शिसं जाऊ द्यायचं की नाही. आणि माझ्याजवळ एकच गोष्ट होती जिने हे थांबलं असतं.

सभा ग्रंथालयातच होती, फोटोसमोर. निनाद ठराव वाचत होता की पारखी परत पाठवावी आणि दादांच्या ग्रंथाची विटंबना थांबवावी. मी उठले. "दादा पाटणकर नावाचा माणूस नव्हता," मी म्हणाले. "ते पुस्तक मी लिहिलं. मी कधी शेती केलेली नाही. राखेचं वाक्य मी पान भरायला घातलं. फोटो आमच्या मालकांच्या सासऱ्यांचा आहे."

मला वाटलं होतं, दंगा होईल. कुणी मारायला धावेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. लोक माझ्याकडे कीव केल्यासारखे बघत राहिले.

"आत्या, तुम्ही बसा," निनाद म्हणाला. "तुमचं वय झालंय. पाणी देऊ का?"

"मूळ हस्तलिखित आहे तुमच्याकडे?" जनरल मॅनेजर म्हणाले.

"नाही. कॉम्प्युटरवर लिहिलं होतं. तो कॉम्प्युटर भंगारात गेला."

"बघा! पुरावाच नाही."

नारळपाण्याच्या बाई उठल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "दादांनी माझ्या पत्राला उत्तर पाठवलं होतं. स्वतःच्या हाताने. माझ्या पेरूला कीड लागली होती."

"ते मीच लिहिलं. कडुनिंबाचा अर्क फवारा म्हणून सांगितलं होतं ना? मी सगळ्यांनाच कडुनिंब सांगायचे."

"आणि कीड गेली!" बाई विजयाने ओरडल्या. टाळ्या पडल्या.

अशा लोकांचं काय करायचं, सांगा. आयुष्यात पहिल्यांदा मी यांना खरं सांगत होते, आणि माझ्या खोट्यावर त्यांचा इतका पक्का विश्वास बसला होता की मीच त्याच्या आड येऊ शकत नव्हते. ठराव अडतीस विरुद्ध एक असा मंजूर झाला. विरुद्ध मी. तिघेजण तटस्थ राहिले. शर्वरीने हात वर केलाच नव्हता, ती मोजण्यातच नव्हती. ती मांडीवर हात ठेवून माझ्याकडे बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती माझ्या दाराशी आली. पायात चपला, खांद्याला पिशवी.

"माझ्या पुस्तकातली सही?"

"माझी."

"हं." ती दाराच्या चौकटीला टेकली. "तू आयुष्यात स्वतःला कमीपणा येईल असं एक वाक्य बोललेली नाहीस. सभेत एवढं बोललीस म्हणजे खरंच असणार. चल, भोरला रक्त देऊन येऊ."

"निनाद?"

"तो वाफ्यावर गेलाय. राख टाकायचा दिवस आहे आज."

रक्तातलं शिसं सतरा आलं. सुरक्षित असा आकडा नसतोच, पण गरोदर बाईचा पाचच्या वर गेला की डॉक्टर लोक सावध होतात. भोरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आधी जागा सोडा, कॅल्शियम घ्या, लोह घ्या, सहा आठवड्यांनी परत बघू. शर्वरी त्याच दिवशी साताऱ्याला मैत्रिणीकडे राहायला गेली. निनाद म्हणाला, तू परत येशील तेव्हा वाफा तयार असेल. भांडण करण्याइतकंही काही त्यांच्यात उरलं नव्हतं.

मी वसाहतीतच राहिले, कारण दुसरं घर नव्हतं. मला कुणी घालवलं नाही. भ्रमिष्ट बाईला घालवायचं नसतं, तिला सांभाळून घ्यायचं असतं. मुजावर पारखी गाडीत ठेवून हात जोडून निघून गेले. जाताना त्यांनी हिरव्या वाक्यांची नऊ पानं टेबलावर ठेवली. ती पुढे कुणीतरी चहाच्या कपाखाली घेतली. महिनाभरात धुमाळांचा नवा माल आला. पोती आता छापील होती. त्यांच्यावर टायपिंगच्या क्लासवाल्या सासऱ्यांचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं: 'पाटणकर राख. परंपरेची खात्री.' समितीने फोटो वापरायची परवानगी दिली होती. मी ओरडून सांगितलं, घरोघर गेले, मुजावरांचा अहवाल ग्रंथालयाच्या दारावर चिकटवला. त्यांनी तो काढला, घडी घातली, आणि माझ्या हातात आणून दिला. नीट, आदराने.

सहा आठवड्यांनी मी पुण्याच्या इस्पितळात शर्वरीसोबत गेले. आकडा नऊवर आला होता. "उतरतंय, चांगलं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण बाळाला किती पोचलं ते आज सांगता येणार नाही. जन्मल्यावर थोडं कळेल. बाकीचं शाळेत जाईपर्यंत कळणार नाही. कदाचित काहीच नसेल. बघत राहायचं."

बाहेर येऊन आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. तिला आणखी एकदा आत बोलावणार होते, सोनोग्राफीसाठी. समोर एक माणूस चहाची किटली घेऊन फिरत होता. मी तिच्यासाठी चहा घेतला, तिने तो हातात धरून ठेवला.

"आत्या, एक विचारू?"

"विचार."

"खोटं लिहिलंस त्याचा मला फार राग नाही. तेव्हा तू मला ओळखतही नव्हतीस, मी जन्मलेलेच नव्हते. पण धुमाळांचा टेम्पो तर ग्रंथालयाच्या खिडकीखाली उभा राहायचा. दर पंधरा दिवसांनी, दोन वर्षं. ती राख भट्टीची आहे हे तुला माहीत होतं?"

मला माहीत होतं. पोत्यांतून तारेचे तुकडे निघायचे, अर्धवट जळलेलं रबर निघायचं. मी चहा पीत बघायची. शिसं वगैरे मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण ही चुलीची राख नव्हे, एवढं कुठल्याही शहाण्या माणसाला दिसत होतं. पुस्तकात राख म्हटली म्हणून हे गाढव वीटभट्टीचा कचरा उकरून भाजीत घालतायत, याची मला इतकी मजा वाटली होती की मुंबईच्या एका मैत्रिणीला मी ते फोनवर रंगवून सांगितलं होतं.

"माहीत होतं," मी म्हणाले.

"मी हातांनी पसरायचे ती. कोपरापर्यंत पांढरी व्हायचे. तू बघायचीस?"

"हो."

"आणि हसायचीस?"

मला दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. साठीपर्यंत मी पोटापाण्यासाठी दुसरंच काहीतरी सांगत आले होते, आणि लोकांनी ते जपून ठेवलं होतं. शर्वरीनेही ठेवलं असतं.

"हो," मी म्हणाले. "तुलाही हसायचे."

तिने मान हलवली. चहाचा पेला माझ्या हातात दिला. मग माझ्या मांडीवरची तिच्या रिपोर्टांची फाइल उचलली आणि आतून नाव पुकारल्यावर पोटाला हात लावून उठली. मीही उठू लागले.

"तू नको," ती म्हणाली, आणि एकटीच आत गेली.